अहवालात चार पाने, वेळापत्रकात एक तासिका : शाळेच्या संस्थाचालकांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या शाळेतून यंदा सातवी पास होऊन आठवीत गेलेल्या एका मुलीचा मी पालक आहे. गेल्या तीन महिन्यांत शाळेतले दोन कागद माझ्या पाहण्यात आले. फेब्रुवारीत पारितोषिक वितरणाच्या दिवशी वार्षिक अहवाल मिळाला. त्याच्या मुखपृष्ठावर मुलांनी रंगवलेल्या वारली भिंतीचे छायाचित्र आहे आणि आत ‘कलेचे वर्ष’ या मथळ्याखाली चार पाने आहेत. निकालाच्या दिवशी सूचनाफलकावर पुढच्या वर्षाचे वेळापत्रक लागले होते, त्याचा मी मोबाइलवर फोटो काढून आणला. सहावी ते आठवीला चित्रकलेच्या आठवड्याला दोन तासिका होत्या, त्यांची एक झाली आहे. संगीताची तासिका नाही, नाट्याची नाही, आणि चित्रकलेची जी एक उरली आहे तिच्या चौकटीत ‘कला / शिष्यवृत्ती’ असे लिहिले आहे. मधल्या तिरक्या रेघेचा अर्थ पालकांना आता समजावून सांगावा लागत नाही. मुख्याध्यापकांना विचारले, तेव्हा हा निर्णय संस्थेचा आहे असे त्यांनी सांगितले. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि इतर पालकांनाही वाचता यावे म्हणून उघडपणे लिहीत आहे.

यात माझा संबंध काय, ते आधी सांगतो. मी कलावंत नाही. एका कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करत आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा दोन वर्षांचा ट्रेड केला, पण टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर हातात कसे धरायचे, पेन्सिलीला टोक कसे काढायचे आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत किंचित फिरवत न्यायची म्हणजे रेघेची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते, हे मला आठवीत चित्रकलेच्या सरांनी शिकवले होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांत त्या वेळी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांच्या जोडीला भूमिती आणि अक्षरलेखनाचाही पेपर असे. घनभूमितीत मी पहिल्यांदा एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन वेळा काढली. आज पगार मिळतो तो तेवढ्याच गोष्टीचा. कारखान्यात नव्याने येणारी मुले संगणकावर माझ्यापेक्षा झपाट्याने काम करतात, पण कागदावरच्या तीन आकृत्या पाहून त्यातला भाग हातात धरल्यासारखा डोळ्यांपुढे उभा राहावा, हे त्यांच्यातल्या मोजक्यांनाच जमते. ते त्यांना कोणत्या वयात शिकवायचे राहून गेले, याचा अंदाज मला आहे. त्यामुळे कला म्हणजे अभ्यास झाल्यावर उरल्या वेळात करायची गोष्ट, असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही, आणि ते मी माझ्या पोटापाण्याच्या अनुभवावरून सांगतो.

सरलेल्या वर्षाबद्दल तक्रार करायला माझ्याकडे जागाच नाही. अहवालातल्या चार पानांत आले नाही ते थोडे इथे लिहितो, कारण त्या पानांवर ढाली, प्रमाणपत्रे आणि पाहुणे आहेत, तास मात्र कुठेच नाहीत. जूनमध्ये चित्रकलेच्या सरांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदाकडे अजिबात न बघता स्वतःचा डावा हात काढायला लावला. माझ्या मुलीच्या कागदावर सहा बोटांचे एक विचित्र प्रकरण उतरले होते. ते तिने लपवले नाही, फ्रिजवर लावले, आणि हा प्रयोग पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा केला. दिवाळीच्या सुमारास काढलेल्या हातावर अंगठ्याच्या बुडाशी असलेली सुरकुती होती. ती सुरकुती आपल्या हातावर आहे, हे तोवर तिच्या लक्षात आलेच नव्हते, असे ती म्हणाली. संगीताच्या बाईंनी वर्षभर एकच राग शिकवला, भूप. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर, त्यामुळे नवख्या गळ्यालाही तो पेलतो. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर मोजताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्यायची आणि नवव्या मात्रेला हात रिकामा बाजूला न्यायचा, हे आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कित्येक महिने चालले होते. त्याच काळात दुगुण म्हणजे काय हे तिने मला समजावले: तेवढ्याच वेळात दुप्पट बोल, म्हणजे प्रत्येक बोलाला अर्धी मात्रा. अपूर्णांकांवर आमच्या घरी त्याआधी बरीच रडारड झालेली आहे.

वारलीच्या भिंतीचेही असेच. अहवालात तिचे श्रेय ‘संस्थेच्या प्रेरणेने’ असे दिले आहे. ते आपण खुशाल घ्यावे, पण ती भिंत रंगवण्याआधी सरांनी मुलांकडून तीन आठवडे नुसती वर्तुळे, त्रिकोण आणि चौकोन काढून घेतले होते, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस कसा उभा राहतो ते दाखवले होते, आणि जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच चित्रांसाठी, हेही सांगितले होते. तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी भिंतीवर उतरवताना माणसे कमी पडू लागली, तेव्हा मुलांनी बाहेरच्या वेढ्यापासून पुन्हा मोजणी केली. हे सगळे तासांत घडले. छायाचित्र त्यानंतरचे आहे.

आता तक्रारींकडे वळतो.

पहिली तक्रार वेळेची आहे, आणि ती वरवर दिसते त्याहून मोठी आहे. आजवर चित्रकलेच्या दोन तासिका लागून असायच्या, म्हणजे पस्तीस-पस्तीस मिनिटांचा सत्तर मिनिटांचा जोडतास मिळायचा. आपण त्यातली एक काढली, तेव्हा कागदोपत्री वेळ निम्मा झाला. प्रत्यक्षात चित्र काढणेच संपले. पस्तीस मिनिटांत पन्नास मुलांनी वर्गातून उठून जायचे, बोर्डवर कागद लावायचा, नळावरून डब्यात पाणी आणायचे, रंग काढायचे, आणि घंटा व्हायच्या आधी सगळे धुऊन पुसून ठेवायचे, यात पंधरा मिनिटे सहज जातात. उरलेल्या वीस मिनिटांत जलरंगाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पहिला थर, जेमतेम देऊन होतो. तो वाळायला दहा-बारा मिनिटे लागतात, आणि ओल्यावरच दुसरा रंग चढवला तर कागदावर चिखल होतो. जोडतासात हा वाळण्याचा वेळ वाया जात नसे. त्या वेळात सर दुसऱ्याच्या चित्राकडे बघायला शिकवत. एका तासिकेत मुलांनी काय करावे अशी अपेक्षा आहे? छापील चित्रात रंग भरावेत, एवढेच शक्य आहे, आणि ते बालवाडीत होऊन गेले आहे.

दुसरी तक्रार ड्रॉइंग हॉलची. तिथे ‘स्मार्ट क्लासरूम’ होणार असल्याचे कळते. तिथल्या स्क्रीनला माझा विरोध नाही. माझे स्वतःचे काम दिवसभर स्क्रीनवर चालते. परंतु शाळेतली ही एकच खोली अशी आहे जिच्या खिडक्या उत्तरेला आहेत, म्हणजे दिवसभर उजेड सारखा राहतो आणि मांडलेल्या वस्तूची सावली तासाभरात जागा सोडत नाही. ज्याने ही इमारत बांधली त्याला हे कळत होते. स्क्रीन लावण्यासाठी आपण नेमक्या त्याच खिडक्यांना काळे पडदे लावणार आहात. तिथली तिरकी डेस्के, प्लास्टरचे नमुने आणि वस्तुचित्रासाठी जमवलेली पितळी भांडी भंगारात काढण्याची सूचना फलकावर लागलेली आहे.

तिसरी तक्रार शिक्षकांच्या संदर्भातली आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो, कारण त्यांच्यापैकी कोणी मला लिहायला सांगितलेले नाही. अहवालात ‘शिक्षकांचे यश’ असे एक पूर्ण पान आहे. चित्रकलेच्या सरांचे जलरंगातले निसर्गचित्र राज्य पातळीवरच्या एका प्रदर्शनासाठी निवडले गेले, संगीताच्या बाई ‘अलंकार’ ही शास्त्रीय संगीतातली वरची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि नाट्याचे तास घेणाऱ्या तरुण सरांना बालनाट्य स्पर्धेत दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. तिघांचा फेब्रुवारीत शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार झाला, आपल्यापैकी दोघांची भाषणे झाली आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. एप्रिलअखेर चित्रात काय बदलले ते पाहावे. चित्रकलेच्या सरांकडे सहावीच्या दोन तुकड्यांचे गणित देण्यात आले आहे. बाई तासिका तत्त्वावर काम करत होत्या, त्यांना पुढच्या वर्षासाठी बोलावणे नाही. नाट्याच्या सरांना तर तेही तोंडीच कळले. संगीताची पेटी वर्षाच्या सुरुवातीला बेसूर होती, दोन स्वर दाबले की वर यायचे नाहीत. ती बाईंनी स्वतः रिक्षात घालून नेऊन दुरुस्त करून आणली, आणि त्याचे बिल मागितले का असे मी विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. ज्या माणसांचे यश संस्थेचे यश म्हणून छापले, त्यांना त्यांचेच काम करू द्यायचे नाही, हा सत्काराचा कोणता प्रकार आहे, ते मला समजलेले नाही.

चौथी तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती खोट्या नोंदीची आहे. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हापासून कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे मूल्यमापन पूर्णपणे आकारिक आहे, म्हणजे वर्षअखेरची लेखी परीक्षा नाही, वर्षभर वर्गात मूल काय करते ते बघून श्रेणी द्यायची. त्यामागचा हेतू चांगला आहे. पण वर्गच झाला नाही तर बघणार काय? गेल्या वर्षी दिवाळीनंतर आठवीच्या कलेच्या सर्व तासिका आधी एनएमएमएस या आठवीसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेच्या आणि नंतर शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिकांसाठी घेतल्या गेल्या. आमच्या शेजारचा मुलगा त्या वर्गात होता. नोव्हेंबरपासून त्याने शाळेत ब्रश हातात धरलेला नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात दुसऱ्या सत्रात कलेपुढे ‘अ-२’ अशी श्रेणी आहे आणि वर्णनात्मक नोंद आहे : ‘रंगसंगतीची उत्तम जाण आहे.’ त्याच्या आईने हे पुस्तक मला दाखवले तेव्हा ती हसत होती. तो मुलगा हसत नव्हता. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या शिक्क्यासह मिळालेला हा पहिला खोटा कागद असावा. ही नोंद करणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही. रकाना रिकामा ठेवण्याची त्यांना मुभा नसते.

पाचवा मुद्दा थोडक्यात. हा निर्णय घेण्यापूर्वी पालक-शिक्षक संघाची सभा झाली नाही, शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यांनाही तो फलकावरच वाचायला मिळाला. शनिवारी दुपारी शुल्क घेऊन ‘हॉबी क्लास’ सुरू करण्याचा विचार असल्याचेही ऐकतो. ज्यांना ते शुल्क परवडते त्यांची मुले आताही बाहेर क्लासला जातात. सर्व मुलांना एकाच बाकावर बसवून शिकवण्याचे ठिकाण वेळापत्रक हेच आहे.

आपल्या अडचणी मला माहीत नाहीत असे नाही. संच मान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर होताना, ती पटावर ठरतात, वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही, आणि शिष्यवृत्तीच्या यादीत शाळेची किती मुले झळकली यावरून पुढच्या वर्षी प्रवेशाला किती रांग लागेल ते ठरते. शिवाय एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी, मुलगी पाचवीत असताना, पालकसभेत ‘जादा तास वाढवा’ अशी मागणी झाली तेव्हा हात वर करणाऱ्यांत मीही होतो. ते जादा तास कोणाच्या ताटातून काढून वाढले जाणार आहेत, हे त्या वेळी मी विचारले नाही. आज विचारतो आहे, हे उशिराच झाले.

तरीही पैशाची आणि पदांची अडचण म्हणजे कायद्यातून सुटका नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी स्पष्ट लिहिले आहे की मुलांची संख्या १०० हून अधिक असेल तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आपल्याकडे या तीन इयत्तांच्या मिळून सहा तुकड्या आहेत, तेव्हा पटाचा प्रश्न नाही. त्याच अनुसूचीत या इयत्तांसाठी वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास धरले आहेत. मागच्या वेळापत्रकाप्रमाणे चित्रकलेच्या दोन तासिका सगळ्या झाल्या असे मानले तरी वर्षाचे पन्नास तास भरत नाहीत. हजारातले पन्नास. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दृश्यकला, संगीत, नृत्य आणि नाट्य हे दहावीपर्यंत सक्तीचे विषय असावेत असे सुचवले होते, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभ्यासक्रमातले विषय आणि अभ्यासपूरक विषय अशी ताठर भिंत नसावी असे म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे काम शिकायला जावे, असेही त्यात आहे. आपल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर या धोरणाचे स्वागत केलेले आहे, म्हणून आठवण करून देतो.

गुणांच्या भाषेत बोलायचे असेल तर तेही बोलू. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ गुण मिळतात, आणि त्यासाठी शाळा नववीच्या मुलांना आग्रहाने परीक्षेला बसवते. पण ज्याने सहावी ते आठवीत स्मरणचित्रासाठी रस्त्यावरची माणसे कधी निरखलीच नाहीत, त्याच्याकडून नववीच्या सप्टेंबरमध्ये वीस दिवसांत पाठ केलेले ‘बाजाराचे दृश्य’ तेवढे येते. परीक्षकांनी तसली शेकडो दृश्ये पाहिलेली असतात.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला चित्रकलेच्या दोन तासिका जोडून मिळाव्यात आणि संगीत किंवा नाट्याची किमान एक तासिका असावी. वेळापत्रकातून ती तिरकी रेघ काढावी. कलेची तासिका दुसऱ्या कारणासाठी घेतली गेली तर त्याची नोंद व्हावी आणि ती त्याच महिन्यात भरून द्यावी. चित्रकलेच्या सरांकडे त्यांचा विषय परत द्यावा. संगीताच्या बाई आणि नाट्याचे सर यांना पुढील वर्षासाठी लेखी नेमणूक द्यावी, त्यांचे मानधन दरमहा द्यावे आणि पेटीच्या दुरुस्तीचा खर्च बाईंना विनामागणी चुकता करावा. ड्रॉइंग हॉल आहे तसा ठेवून स्क्रीनसाठी दुसरी खोली पाहावी. दक्षिणेकडची जुनी प्रयोगशाळा दोन वर्षे बंद आहे, आणि तिथे आपसूकच अंधार असतो. ज्या सत्रात कलेचे वर्ग झाले नाहीत त्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात श्रेणीच्या जागी ‘वर्ग झाले नाहीत’ असे लिहावे. यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत असेल तर ती मागण्याच्या अर्जावर सही करायला आम्ही पालक तयार आहोत.

आम्हीही काही करू शकतो. रंग, कागद आणि पेटीची देखभाल यांचा वार्षिक खर्च पालक-शिक्षक संघाने उचलावा असा ठराव मी स्वतः मांडेन. आठवीच्या मुलांना भूमितीची आयुधे कशी वापरायची हे शिकवायला सुट्टीच्या दिवशी मी विनामोबदला येईन, सर म्हणतील त्या पद्धतीने. सरांच्या जागी मात्र येणार नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याआधी पालकांची सभा बोलावून आपण या मागण्यांना लेखी उत्तर द्यावे, आणि ती सभा होईपर्यंत ड्रॉइंग हॉलमधले सामान भंगारवाल्याला देऊ नये. सूचनेत त्यासाठी ३१ मे ही तारीख दिली आहे.

आपला विश्वासू,
आठवीत गेलेल्या एका विद्यार्थिनीचा पालक